दुसऱ्या पिंजऱ्याची विचारपूस

सोमवार, ३ मार्च

मीटिंगमध्ये मॅडम म्हणाल्या, "तुझा पाय थांबव गं, माझा चहा सांडेल." सगळे हसले. पाय थांबवला तर बोटं सुरू झाली. काय करू? इतके महिने वाट बघून आज औषधाला सुरुवात झाली आणि जिवाची नुसती घालमेल चालली आहे. प्रयोगशाळेच्या वहीत घालमेल लिहिता येत नाही. तिथे तारीख, वजन, मात्रा, आणि खाली सही. म्हणून ही वेगळी वही.

प्रयोग असा. पिण्याच्या पाण्यातून एक रसायन देत देत आम्ही उंदरांना मूत्राशयाचा कॅन्सर आणला. आम्ही कसला, मीच आणला. सगळ्या माद्या आहेत, कारण नळी घालायला त्या सोप्या. माणसांत मात्र हा आजार पुरुषांना जास्त, त्यातही उतारवयात. आता त्यांचे तीन गट केलेत. पहिल्या गटाला नळीतून नुसतं मिठाचं पाणी. दुसऱ्याला जुनं औषध, माणसांना देतात तेच, क्षयाच्या लसीपासून केलेलं. तिसऱ्याला आमचं नवं. एकेका गटात पिंजरे पुष्कळ आहेत, पण घरी सांगताना मी पहिला पिंजरा, दुसरा पिंजरा, तिसरा पिंजरा असंच म्हणते.

घरी सांगायचं ते अण्णांना. चष्म्याचा नंबर बदलायला म्हणून आठ दिवसांसाठी आले, त्याला महिना होऊन गेला. चष्मा अजून तोच. आज तो कपाळावर चढवून घरभर शोधत होते. म्हटलं, "अण्णा, काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

"हसून घे बाई," म्हणाले. "तुझ्यावरही वेळ येईल."

गुरुवार, ६ मार्च

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे. अण्णांनी माझ्या कामाबद्दल विचारलं! आजवर नातेवाइकांत माझी ओळख "आमची कन्या उंदीर पाळते" एवढीच होती. पीएचडी झाली तेव्हा म्हणाले होते, "आता तरी मांजरावर बढती मिळेल ना?"

आज जेवताना आपणहून म्हणाले, "त्या उंदराला आजार झालाय हे तुला कळतं कसं?"

मी सुरूच झाले. उंदीर हातात धरला की तो घाबरून लघवी करतो. खाली पांढरा टीपकागद धरायचा. डाग पडतो. डाग गुलाबी दिसला की समजायचं, आत काहीतरी उगवलंय.

"दुखतं का गं त्यांना?"

"सुरुवातीला अजिबात नाही. हीच तर खरी मेख आहे. दुखलं असतं तर माणसंही डॉक्टरकडे लवकर गेली असती. दुखत नाही, रक्त एकदा दिसतं, मग चार आठवडे दिसत नाही. माणूस म्हणतो, बरं झालं, गेलं."

"हं." मग म्हणाले, "गुलाबी म्हणजे कसा गुलाबी?"

अण्णांनी उभा जन्म कापड रंगवण्याच्या कारखान्यात काढला. तिथले रंगमास्तर होते ते. नुसत्या 'गुलाबी'वर त्यांचं भागत नाही. "फिकट, का विटकरीकडे झुकणारा? का चहाच्या चोथ्यासारखा?" म्हटलं, तिन्ही असतो, ताजं रक्त की जुनं त्यावर आहे. किती मन लावून ऐकलं! वर म्हणाले, "चार टीपकागद आण मला. खिशात पेन गळतं."

आख्खा गठ्ठा आणते म्हटलं. मला इतकं बरं वाटलं की भांडी घासतानाही गुणगुणत होते.

सोमवार, १० मार्च

अण्णांनी बाथरूमला नवी कडी बसवली. जुनी सैल होती खरी, पण दोनच माणसांच्या घरात एवढी जाडजूड कडी कशाला? बँकेची तिजोरी आहे का? शिवाय आता बाथरूम स्वतः धुतात. रोज. फिनेल ओतून. जन्मात कधी कप विसळला नाही या माणसाने. सकाळी मी दाराबाहेर टॉवेल घेऊन फेऱ्या मारते आणि आत पाणी वाहतं आहे, वाहतं आहे. आज ओरडलेच, "अण्णा, नदी आटेल!"

"आलो, आलो. म्हाताऱ्याला थोडी सवलत दे."

बाहेर आले ते माझ्याकडे न बघताच गेले. रागावले असतील. संध्याकाळी मीच चहा करून दिला.

शुक्रवार, १४ मार्च

लेखाचा पहिला परिच्छेद लिहिला. तो मला झोपेतही येतो. हा आजार कुणाला होतो, तर तंबाखू ओढणाऱ्यांना, आणि रंगाच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं काम केलेल्यांना. प्रबंधात हेच वाक्य, त्यानंतरच्या प्रत्येक लेखात हेच वाक्य, नुसते शब्द मागेपुढे. अण्णा शेजारच्या खोलीतून म्हणाले, "काय टाइप करतेस एवढं खडखडाट करून?"

"नेहमीचंच हो. तुम्ही झोपा."

वाक्य फार कंटाळवाणं झालंय. मॅडम म्हणतील बदल.

बुधवार, १९ मार्च

तिसऱ्या पिंजऱ्यातले कागद पांढरे यायला लागले!! सगळे नाहीत. पण पुष्कळ. मी सकाळी तपासले, दुपारी कारण नसताना पुन्हा गेले. पिंजरे धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, सारखं उचलून त्यांना घाबरवू नका, औषधानं नाही तर तुमच्या धास्तीनं मरतील." मग म्हणाल्या, "वडील आलेत ना तुमचे? बरे आहेत?"

"ठणठणीत," मी म्हटलं.

मॅडमनी माझ्या उत्साहावर पाणी ओतलं. "मायक्रोस्कोपखाली बघेपर्यंत काही बोलायचं नाही." त्यांचं मागे एका औषधाने तोंड पोळलंय, तेव्हापासून ताकही फुंकून पितात.

पण घरी बोलायला काय हरकत आहे? अण्णांना सांगितलं, तिसरा पिंजरा सुधारतोय.

"आणि दुसरा?"

"दुसराही बरा आहे. तिसऱ्यात तर..."

"दुसरा म्हणजे माणसांना देतात ते ना? किती जणांचे कागद पांढरे?"

हे काय! रोज दुसऱ्याचीच चौकशी. मी रक्त आटवते आहे ते तिसऱ्यासाठी आणि वडील विचारतात शेजारणीच्या पोराचे मार्क. म्हटलं, "अण्णा, नव्याबद्दल विचारा की!"

"ते माणसांपर्यंत कधी येईल?"

"दहा वर्षं तरी लागतील."

"मग तोवर दुसराच बघायला हवा," म्हणाले, आणि खूश होऊन चहा मागितला. काही कळत नाही या माणसाचं. पण आज चेहरा मोकळा होता. चष्म्याच्या डॉक्टरला फोन करतो म्हणाले, पुढच्या महिन्यातली वेळ घेतो. आला एकदाचा मुहूर्त.

शनिवार, २९ मार्च

दादाचा फोन. "अण्णा कसे दिसतात गं? इथून निघताना फार उतरलेले वाटले. बघ जरा."

उंटावरून शेळ्या हाकायला याला काय जातं? म्हटलं, "तू ये आणि बघ. मी सकाळी जाते, संध्याकाळी येते, माझे तीन पिंजरे आहेत."

"तुझे पिंजरे सोड. त्यांनी इथे कुणाला तरी दाखवलं होतं. उष्णता झालीय म्हणत होते."

"उन्हाळा आहे. उष्णताच होणार," मी म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर चुटपुट लागली. अण्णांना विचारलं, "उष्णता कसली झाली होती?" म्हणाले, "दादाला सगळ्यातच उष्णता दिसते. लहानपणापासून तसाच." दोघं हसलो. खरंच तसाच आहे तो.

गुरुवार, ३ एप्रिल

आज संपलं.

भूल देऊन, एकेकीला. या कामाला आमच्यात 'मारणं' म्हणत नाहीत, सॅक्रिफाइस म्हणतात. शब्द बदलला म्हणून हात हलका होत नाही. मावशी त्या दिवशी पिंजरे धुवायला येत नाहीत, दुसऱ्या दिवशी येतात. एक मादी हातात घेतली की बोटाला नाक लावायची, तिलाही भूल दिली. नंतर मूत्राशयं काढून बाटल्यांत. हरभऱ्याच्या दाण्याएवढं असतं ते. त्यावर माझं आख्खं वर्ष उभं आहे.

घरी आले तर अण्णा ताटं वाढून वाट बघत बसलेले. "काय म्हणतो दुसरा पिंजरा?"

मला बोलण्याचंही त्राण नव्हतं. म्हटलं, "तिन्ही पिंजरे रिकामे झाले, अण्णा. एकही उरला नाही."

"दुसऱ्यातलाही?"

"सगळे गेले म्हटलं ना."

अण्णांनी घास ताटात ठेवला. हात धुतला आणि खिडकीत जाऊन उभे राहिले. मला भरून आलं. माझ्या उंदरांसाठी माझ्याखेरीज एवढं वाईट आजवर कुणाला वाटलं नव्हतं.

शनिवार, ५ एप्रिल

अण्णा बुधवारी सकाळच्या गाडीने परत जातो म्हणतात. तिकीट काढूनही आले. चष्म्याचं काय? तर म्हणे वेळ रद्द केली, आहे तो चष्मा पुरेसा आहे, आता नवीन काय बघायचं राहिलंय? मी चिडले. दोन महिने राहून एक काम केलं नाही. म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण कशाला?"

चष्म्यात कसलं आलंय अवलक्षण!

माझंच काही चुकलं का? नदी आटेल म्हटलं ते लागलं असेल. का मी दिवसभर नसते म्हणून? विचारलं तर म्हणतात, "नाही गं, तू गुणाची आहेस." अण्णांच्या तोंडून असलं वाक्य मी प्रथमच ऐकलं. ऐकून अस्वस्थच वाटलं.

सोमवार, ७ एप्रिल

स्लाइड आल्या. मॅडमनी एक बघितली, दुसरी बघितली, मग खुर्ची सरकवून म्हणाल्या, "बस. आणि आज पाय हलवलास तरी चालेल."

तिसरा गट जवळजवळ सगळा साफ. दुसऱ्यातही निम्म्याहून जास्त साफ! नव्याची सरशी आहेच, पण जुनंही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. मी पळत सुटल्यासारखी घरी आले. अण्णा पिशवी भरत होते.

"अण्णा, औषधाने गुण आला! दोन्ही पिंजऱ्यांत!"

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. "मेल्यावर गुण आला होय? छान." आणि शर्टाची घडी घालायला लागले.

मी खोलीत जाऊन दार आपटलं. कौतुक नको, निदान टोमणा तरी नको! बरंच झालं, बुधवारी जातायत.

मंगळवार, ८ एप्रिल

लिहिलं नाही तर वेड लागेल.

रजा टाकली होती. अण्णा खाली दुकानात गेले. राग कुठेतरी काढायचा म्हणून बाथरूम घासायला घेतली. वरच्या झरोक्यात, फिनेलच्या बाटलीमागे, आमचा टीपकागद वाळत होता. डाग मध्ये गुलाबी, कडेला विटकरी. आणि मी काय केलं? मी तो उलटा करून पिंजऱ्याचा नंबर शोधला.

नंबर नव्हता. उंदराचा डाग नखाएवढा असतो. हा तळहाताएवढा होता.

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. नवी कडी, वाहतं पाणी, फिनेल, गळणारं पेन, उष्णता. रंगाचा कारखाना! ते वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल, आणि दर वेळी ते शेजारच्या खोलीत होते.

अण्णा आले. माझ्या हातात कागद बघून दारातच थांबले.

"कधीपासून?"

"थंडीत सुरू झालं. मध्ये थांबलं होतं. मग पुन्हा."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत! मला! अण्णा, मी दुसरं काय करते हो दिवसभर?"

"सांगायलाच तर आलो होतो," ते म्हणाले. "चष्म्याचं निमित्त. पण मुलीला असलं कसं सांगायचं? जीभ रेटेना. मग तू उंदरांचं सांगायला लागलीस. म्हटलं, बघू त्यांचं काय होतंय. ते बरे झाले तर डॉक्टरकडे जाऊ. वेळही घेतली होती."

"चष्म्याची?"

"कसल्या चष्म्याची!"

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही आमच्या घराण्याची जुनी रीत. "मग रद्द का केलीत?"

"तूच सांगितलंस. दुसऱ्या पिंजऱ्यातलाही एक उरला नाही. माणसांचं तेच औषध ना? मग उगाच टोचून, कापून घ्यायचं कशाला? घरी जाऊन पडावं म्हटलं."

मला काही क्षण समजलंच नाही. मग समजलं.

"अण्णा, ते आजाराने नाही गेले. औषधानेही नाही. मी मारले."

"म्हणजे?"

"प्रयोग संपला की सगळ्यांनाच मारतात. आतून बघायला. त्याशिवाय बरे झाले की नाही हे नक्की कळत नाही."

"बरे झालेलेसुद्धा?"

"बरे झालेलेसुद्धा."

अण्णा स्टुलावर बसले. मग म्हणाले, "मग बरं झाल्याचा त्यांना उपयोग काय गं?"

आमच्यात हे विचारत नाहीत. कुणी विचारेल असं वाटलंही नव्हतं, म्हणून तर मी ताटावर बसून "सगळे गेले" म्हणू शकले.

"आणि माणसांचं?" त्यांनी विचारलं. "आतून कसं बघतात?"

"दुर्बीण घालून. जिवंतपणी."

"नक्की ना?"

"नक्की."

"तेवढं आधी सांगायचंस की, बाई," अण्णा म्हणाले, आणि हसायला लागले. मी मात्र रडत होते, ओल्या फरशीवर, हातात ब्रश घेऊन. तिकीट त्यांनी स्वतःच फाडलं.

बुधवार, १६ एप्रिल

दुर्बिणीतून दिसलं. उगवण आहे. डॉक्टरांनी खरवडून काढली, तुकडा तपासायला पाठवला. आता प्रश्न एकच. आतल्या अस्तरापुरतंच आहे, की खाली स्नायूत उतरलंय? अस्तरापुरतं असेल तर जुनं औषध चालेल. स्नायूत असेल तर मूत्राशयच काढावं लागेल, आणि तेवढ्यावर भागलं तर नशीब. रसायनाने आणलेला आजार माझ्या उंदरांत बहुतेक वेळा स्नायूत उतरतो. हे मला माहीत नसतं तर किती बरं झालं असतं.

दादा आला आहे. मी फोनवर तोडून बोलले त्याबद्दल काही म्हणाला नाही. त्याने म्हणायला हवं होतं.

रविवार, २० एप्रिल

रिपोर्ट नाही. घरातली सगळी कपाटं आवरून झाली. पुन्हा विस्कटून आवरली. दादा म्हणाला, "बस ना गं एका जागी." अण्णा म्हणाले, "तिला फिरू दे. तिची आई बाळंतपणाच्या आदल्या दिवशी असंच करत होती."

मंगळवार, २२ एप्रिल

नवे उंदीर आले. पुढच्या प्रयोगाचे. पाण्याच्या बाटल्या भरायच्या होत्या, त्या रसायनाच्या. मी बाटली हातात घेऊन उभीच राहिले. मावशी म्हणाल्या, "ताई, करायचं तर करा, नाही तर ठेवा. हातात धरून काय होणार?"

भरल्या. याच उंदरांमुळे अण्णांचं औषध आहे, हे मला माहीत आहे. तरी भरताना त्यांच्याकडे बघवलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकदम डोक्यात राहत नाहीत.

शनिवार, २६ एप्रिल

अस्तरापुरतंच!

डॉक्टर पुढे बरंच काही बोलले. परत उगवू शकतं, सारखं तपासत राहावं लागेल, वर्षानुवर्षं. ते सगळं मला पाठ आहे. मी फक्त तो एक शब्द ऐकला. बाहेर येऊन मॅडमना फोन केला तर त्या एकदम म्हणाल्या, "स्लाइड स्वतः बघितलीस का?" मग म्हणाल्या, "माफ कर. सवय." मी म्हटलं, बघितली. खरंच बघितली होती. मागून घेतली होती.

अण्णांना सांगितलं, जखम भरली की आठवड्याला एक, असं औषध सोडणार. त्यांनी विचारलं, "म्हणजे मी दुसऱ्या पिंजऱ्यातला?"

"हो."

"निम्म्याहून जास्त म्हणाली होतीस ना?"

"हो."

"मग ठीक आहे," म्हणाले. निम्म्याहून जास्त म्हणजे किती कमी, ते मी बोलले नाही.

मंगळवार, २७ मे

आज पहिली मात्रा. नळी घालताना मला बाहेर बसवलं. इतक्या उंदरांना नळ्या घातल्या मी, आणि बाहेर बसून बाकाची कड कुरतडत होते.

औषध दोन तास आत धरायचं आणि थोड्या थोड्या वेळाने कूस बदलायची, म्हणजे ते सगळीकडे लागतं. घरी आणून निजवलं. मी घड्याळ घेऊन बसले. "अण्णा, डावी कूस. अण्णा, आता पालथे."

"उंदरांनाही अशीच ओरडायचीस का?"

"त्यांना भूल दिलेली असायची."

"भाग्यवान."

वेळ भरल्यावर ते उठले आणि बाथरूममध्ये गेले. मी हातमोजे घालून, ब्लीचची बाटली घेऊन दाराबाहेर उभी राहिले. नंतर ते ओतायचं असतं. औषधात जिवंत जंतू असतात. मला राहवेना.

"अण्णा, रंग कसा आहे?"

"पाण्यासारखा."

"खरं सांगा."

"रंगमास्तरला रंग विचारतेस?"

दोन महिने हा माणूस मला खोटं सांगत होता, तेही इतक्या गोड आवाजात. मी म्हटलं, "पाणी ओढू नका. मी स्वतः बघितल्याशिवाय नोंद करत नाही."

मी बाटली या हातातून त्या हातात घेत राहिले. त्यांना लाज वाटत असणार, मलाही वाटत होती. दारावर पुन्हा टकटक करावी की निघून जावं, हे ठरत नव्हतं. इतक्यात ती जाडजूड कडी सरकली आणि अण्णांनी दार उघडलं.